चावून पाहिलेलं लाकूड

सेक्टर २, भिलाई
१६ जुलै १९६१

बाबा,

कौशल्या पाया पडते, तुमाले अन् मायले. दरवेळी लिहिते का आमी तिघंही बरे आहोत. यावेळी तिघं नाही, पाच आहोत. हासू नका. घरात दोन ससे आले.

झालं असं का, ह्यायच्या रंगाच्या गँगले मागच्या महिन्यात रशियन लोकायच्या क्वार्टरच्या खिडक्या रंगवाचं काम लागलं होतं. तिथली एक बाई आपल्या देशाले वापस चालली होती. तिनं पिंजऱ्यासकट दोन पांढरे ससे ह्यायच्या हाती ठेवले. तिची भाषा ह्यायले नाही समजत अन् ह्यायची तिले नाही. तिनं आपल्या समोरच्या दातायवर बोट ठेवलं, मंग बोट लांब लांब नेलं, अन् दाराच्या लाकडावर टकटक केलं. मंग फोरमननं हिंदीत सांगतलं, का सशाचे दात जन्मभर वाढतच रायतात. चावाले लाकूड नाही भेटलं तं दात इतके वाढतात का त्याले खाता येत नाही, अन् तो उपाशी मरते.

मथीनं नावं ठेवली, एक लाही अन् एक मुरमुरा. दिवसभर तिथंच असते, पिंजऱ्यात हात घालून. जेवाले चार हाका माराव्या लागतात.

आता लाकूड कुठून आणू, सांगा. इथं लोखंड पाहिजे तेवढं आहे. मशीन ज्या पेट्यायत येतात त्यायचं लाकूड लोकं चुलीत घालतात, पण त्याले तेलाचा वास येते. शेजारच्या सत्यशीलाबाई म्हणाल्या, कोणतंही लाकूड नका देऊ, आपल्या बाबाले विचारा, ते वाढई आहेत ना. म्हणून विचारून राहिली. मले भेव सशाचं नाही, मथीचं वाटते. ते जे चावतात ते ही तोंडात घालते. तीन वर्षांच्या पोट्टीले किती वेळ नाही म्हणू? लाकूड असं पाहिजे का सशालेही चालन अन् तिलेही. कोणतं बिनधोक, कोणतं नाही, ते नीट लिहा. जमलं तं चावाची काही खेळणी करून पाठवा.

तुमची
कौशल्या


मु. खैरी, तहसील साकोली
२५ जुलै १९६१

कौशी,

तुले, जवाईबापूले अन् माह्या मथीले आशीर्वाद. पत्र वाचून तुही माय पोट धरून हासली. म्हणे, पोट्टीनं लेकराच्या जोडीले ससे सांभाळाले घेतले. जवाईबापूले सांगजो, घरात दोन वाढई असते तं बरं झालं असतं. म्या त्यायले रंदा धराले शिकवलं होतं, ते लोखंड रंगवाले गेले. जाऊ दे.

आता लाकडाचं. बाभूळ, बोर, आंबा अन् सिवन, हे चार बिनधोक. कण्हेर, रुई, बिब्बा यायचं नावही नको. सागाच्या भुशानं मलेच शिंका येतात, मंग सशाचं नाक ते केवढं? साग नको. पेटीचं लाकूड तं अजिबात नको, त्याले कशात बुडवून आणलं कोणाले ठाऊक.

माही रीत तुले माहीतच आहे. लेकराच्या खेळण्याचं लाकूड म्या पहिले स्वतः चावतो. ढलपी जिभेखाली धरतो, अर्धा घंटा. कडू लागली, जीभ जड पडली, का लाकूड बाद. तीस वर्षं झाली, कोणाच्या लेकराले माह्या खेळण्यानं काही झालं नाही. या सगळ्या ढलप्या म्या चावल्या. तुही माय म्हणे, आता तुमालेच पिंजऱ्यात ठेवते.

भिलाईले कामावर जाणाऱ्या भैयालालच्या हाती गाठोडं पाठवून राहिलो. त्यात सशासाठी बोरीच्या काड्या, आंब्याचे दोन लाटणे अन् बाभळीचं एक चाक आहे. अन् मथीसाठी तान्ह्या पोळ्याचा नंदी आहे, चाकावरचा, सिवनीचा, आपल्या बांधावरच्या सिवनीचा. गेल्या साली ती लहान होती, यंदा आपल्या हातानं ओढन. रोगन नाही, लाख नाही, नुसतं जवसाचं तेल दिलं. पोळ्याले शेंदूर लावशीन तेवढाच.

काड्या तुह्या मायनं सोलल्या. नंदीले तिनं हात नाही लावला, तो मीच गुंडाळला. तुले ठाऊकच आहे.

तुहे बाबा
शालिकराम


सेक्टर २, भिलाई
१३ ऑगस्ट १९६१

बाबा,

गाठोडं भेटलं. भैयालालदादानं दारातूनच आवाज दिला, "वाढयाच्या घरचं सामान आलं वो." बोरीच्या काड्या ससे असे खातात का विचारू नका. मुरमुरा चाक समोरच्या पायानं दाबून धरते अन् करकर करकर चावत बसते.

नंदी पाहून तं मथी नाचाले लागली. पण दुसऱ्याच दिवशी रडाले लागली. गल्लीत सगळे आपल्याच तिकडचे आहेत, सगळ्यायच्या घरी नंदी आहेत, अन् सगळे रंगवलेले. माहा नंदी उघडा कावून आहे म्हणे. ह्यायनं तिले खांद्यावर घेतलं अन् म्हणाले, रो मत, तुहे बाबा रंगारी आहेत. दुर्गच्या बाजारातून रंग आणला. शिंगं, वशिंड, खुरं, झूल, सगळं लालभडक केलं. इतकं मन लावून रंगवलं बाबा, एखादं लग्नाचं काम असावं तसं. चार दिवस वाळू दिला. आता आमच्या नंदीसारखा नंदी पूर्ण सेक्टरमध्ये नाही.

पण सशायलेही तोच आवडते. काड्या सोडून नंदीच्या शिंगाले लागतात. मथी त्यायच्या पुढं धरते, ते चावतात, मंग ती चावते. मी ओरडली तं मथी ह्यायले म्हणे, गोड लागते. झोपतानाही शिंग तोंडात असते. तुमी चावून पाहिलेलं लाकूड आहे म्हणून मी जास्त बोलत नाही.

एक विचारू? माय नंदीले हात कावून नाही लावत? लहानपणी विचारलं तं तुमी डोळे वटारले होते. आता मी मोठी झाली, आता तं सांगा.

तुमची
कौशल्या


सेक्टर २, भिलाई
३ सप्टेंबर १९६१

बाबा,

लाही गेली. पाच दिवस काही खाल्लं नाही. कोपऱ्यात पाठ वाकवून बसे अन् दात कराकरा वाजवे. मागचे पाय ओढत चाले. परवा सकाऊन पाहिलं तं आडवी पडली होती. ह्यायनं ड्यूटीवर जायच्या पहिले मागच्या मैदानात पुरली. मुरमुराही कालपासून काड्यायले तोंड लावत नाही.

बाबा, मले लय भेव वाटून राहिलं. सशाचं नाही. मथीचं पोट दुखते. आठ दिवस झाले. चार चार दिवस तिले शौचाले होत नाही. तोंड पांढरं पडलं, जेवण पाहून उलटी करते. हासणारी पोट्टी, आता हात लावला का किंचाळते. अन् बसते कशी माहीत आहे? पाठ वाकवून, कोपऱ्यात. लाही बसे तशीच. काल तिले तसं बसलेलं पाहिलं अन् माह्या हातातली परात खाली पडली.

सत्यशीलाबाईनं जबरदस्ती दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं दोनदा विचारलं, काही वेगळं खाल्लं का, काही तोंडात घालते का? मी म्हटलं, नाही, एक लाकडी खेळणं आहे, पण ते माह्या बाबानं बनवलं. ह्यायनंही मान हलवली. मंग डॉक्टर काय करन? पोटाचं औषध दिलं, आठ दिवसानं आणा म्हणाले.

तुमच्यावर माहा भरोसा आहे. पण मले खरं सांगा. नंदीचं लाकूड कोणतं? शिंगाच्या तुकड्यात चुकून बिब्बा नाही ना लागला? ह्यायले विचारलं, तुमाले काय वाटते, तं उठून बाहेर गेले. तुमी तरी बोला.

कौशल्या


मु. खैरी
७ सप्टेंबर १९६१

कौशी,

भैयालाल आज जाऊन राहिला, त्याच्याच हाती हे देतो, म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या पहिले भेटन. तुहं पत्र मायले वाचून दाखवलं, लाहीचं सोडून अन् मथीच्या पोटाचं सोडून. मंग उरलं काय? ती म्हणे, एवढंसंच लिहिलं का पोट्टीनं?

उरलेल्या सिवनीची ढलपी म्या पुन्हा चावली. एक नाही, तीन. दिवसभर तोंडात ठेवली. मले काहीच झालं नाही. लाकूड गोड आहे. पण कौशी, तुह्याशी खोटं बोललो. ती सिवन आपल्या बांधावरची नाही. माताबाईच्या देवळाच्या आवारातली आहे. वैशाखातल्या वादळानं मोठी फांदी पडली, सरळ, एक गाठ नाही. तिथलं लाकूड कोणी उचलत नाही, काडीही नाही. म्या उचललं. म्हटलं, पडलेलीच आहे, नातीच्या नंदीसाठी माताबाई काय म्हणन? आता समजलं ती काय म्हणते.

पण उपाय आहे. तू घाबरू नको. तान्ह्या पोळ्याच्या सकाऊन नंदीले न्हाऊ घाल. शेंदूर तेलात कालवून जाड हात दे, शिंगापासून खुरापर्यंत, कुठंच लाकूड दिसू नये. तोच शेंदूर मथीच्या कपाळाले लाव. माताबाईचं नाव घे अन् माही चूक कबूल कर. अन् नंदी तिच्या उशाशी ठेव, तिच्या हातून सोडवू नको. सोडवला तं कोप वाढन. मी इकडं नारळ फोडतो, पायी जाऊन.

मायचं विचारलं होतं. ते आता नको.

बाबा


सेक्टर २, भिलाई
२१ सप्टेंबर १९६१

मामाजी,

केवलरामचा नमस्कार. कौशल्या दवाखान्यात मथीजवळ आहे, म्हणून हे पत्र मी लिहून राहिलो. तिनं लिहाले नाही सांगतलं. तिले माहीतही नाही का लिहून राहिलो.

मुरमुरा पोळ्याच्या दिवशीच मेला. तुमच्या पत्रात होतं तसं कौशल्यानं सगळं केलं. नंदी शेंदरानं माखला, मथीच्या उशाशी ठेवला. मथीनं तान्ह्या पोळ्याले तो दारापर्यंतही नाही ओढला, पायात जोरच नव्हता. पडल्या पडल्या शिंग चोखत होती. आठ दिवस असेच गेले. कौशल्या रोज वरून शेंदराचा हात देई. सोमवारी मथीचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, तोंडातून फेस आला. कौशल्या नंदी तिच्या छातीशी धरून माताबाईचं नाव घेत होती. सत्यशीलाबाई धावत आल्या. त्या म्हणाल्या, नंदी बाजूले ठेव, पोट्टी माह्या हाती दे. त्यायच्या घरच्या आनंदरावभाऊनं सायकल काढली. त्या दोघायनं मथीले दवाखान्यात नेलं, मी मागून पळत गेलो.

मामाजी, लाकडाचा दोष नाही. माताबाईचाही नाही. दोष माहा आहे.

तो रंग मी दुर्गच्या बाजारातून नाही आणला. आमी प्लांटमध्ये गर्डरले पहिला हात देतो, जंग नको लागाले म्हणून, लाल रंगाचा. त्याले रेड लेड म्हणतात. फोरमन रोज ओरडते, हात साबणानं धुतल्याशिवाय रोटी को हाथ मत लगाना. मले माहीत होतं तो खायचा रंग नाही. डब्यात तळाले राहिला होता थोडा, तो मी टिफीनमध्ये लपवून आणला. तुमी लाकूड दिलं, सशायलेही तुमीच दिलं, मले वाटलं माह्या पोट्टीच्या नंदीवर रंग तरी माहा असावा. वाळल्यावर काय होते, असं वाटलं.

लाही मेली तवा मले शंका आली. डॉक्टरनं विचारलं तवा तोंडापर्यंत आलं होतं. पण चोरी उघडी पडली असती तं नोकरी गेली असती, क्वार्टर गेलं असतं, अन् तुमच्यापुढं काय तोंड दाखवलं असतं? मान हलवली. मंग तुमचं माताबाईचं पत्र आलं. खरं सांगतो, मले बरं वाटलं. म्हटलं, चला, माह्यानं नाही झालं. कौशल्यानं शेंदूर लावला तवा म्हटलं, माहा रंग तं झाकला गेला. इतका नीच झालो मी.

सोमवारीही दोन घंटे गप्प बसलो. डॉक्टरनं मथीचं तोंड उघडून पाहिलं. हिरडीवर निळी रेघ होती, शाईची ओढावी तशी. मले म्हणाले, तुम काम क्या करते हो? तवा सगळं सांगतलं. पाय धरले त्यायचे. त्यायनं रागावलं नाही, कपाट उघडाले धावले. शिसं अंगात गेलं म्हणाले. त्याचं इंजेक्शन इथं नव्हतं, आनंदरावभाऊनं रेल्वेच्या गार्डच्या हाती नागपूरवरून आणवलं. तीन टोचले. अजून डोळे नीट उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, चार दिवस काही सांगता येत नाही.

कौशल्या माह्याशी बोलत नाही. ती अजूनही म्हणते, नंदी आणून द्या, कोप होईन. मी नंदी भट्टीत टाकाले निघालो होतो, सत्यशीलाबाईनं धरला, डॉक्टरले दाखवाले लागन म्हणाल्या.

तुमी मले जे बोलाचं ते बोला. मी ऐकून घेईन.

केवलराम


मु. खैरी
२५ सप्टेंबर १९६१

जवाईबापू,

शिव्या द्याले बसलो होतो. दोन कागद फाडले. मथीले काही झालं तं तुमचं तोंड पाहणार नाही, असं लिहिलं होतं. मंग आठवलं, शेंदराचा जाड हात द्या, उशाशी ठेवा, सोडवू नका, हे लिहिणारा मी. तुमी एकदा रंगवला. म्या रोज रंगवाले लावला. आपण दोघायनं मिळून केलं हे. एकानं चोरी लपवली, दुसऱ्यानं दुसरी.

मथीची खबर रोज द्या. भैयालालच्या हाती, गार्डच्या हाती, कोणाच्याही हाती. इथं अन्न जात नाही.

एक गोष्ट डॉक्टरले विचारा. नक्की विचारा, विसरू नका. देवाले लावतो तो शेंदूर, बाजारातला, तोही तुमच्या रंगासारखाच का? त्यातही शिसं असते का? अन् ती निळी रेघ कुठं होती, वरच्या हिरडीले का खालच्या? दातायच्या मुळाशी, बारीक, अशीच होती का? मले हे माहीत पाहिजे. कावून ते आता विचारू नका.

शालिकराम


सेक्टर २, भिलाई
४ ऑक्टोबर १९६१

बाबा,

मथी उठून बसली. काल पेजेचे चार घास खाल्ले अन् विचारलं, लाहीले जेवाले दिलं का? मी तोंड फिरवून रडली. डॉक्टर म्हणतात, जीव वाचला. पण पाय अजून लटपटतात, बोलता बोलता शब्द विसरते. किती भरून येईन अन् किती नाही, ते साल गेल्यावर समजन. मी रोज तिच्याकडून वस्तूची नावं म्हणून घेते. चमचा, खिडकी, घागर. काल चमच्यापाशी अडली. मी हासली, माहं भेव तिनं पाहू नये म्हणून.

ह्यायनं मले सगळं सांगतलं. प्लांटमध्येही जाऊन स्वतः सांगतलं. पंधरा दिवसाचा पगार कापला, नोकरी राहिली. मी अजून ह्यायच्याशी नीट बोलत नाही. पण रोज ड्यूटीवरून आले का सरळ नळावर जातात, कोपरापर्यंत साबण लावतात, पुन्हा लावतात, चामडी लाल होतपर्यंत. काल मीच म्हटलं, पुरे आता, जेवाले बसा.

तुमी ह्यायले जे विचाराले लावलं होतं ते मी स्वतः डॉक्टरले विचारलं. हो म्हणाले. देवाचा शेंदूरही शिशाचाच. गर्डरचा रंग अन् तो, वस्तू एकच. लेकराच्या तोंडात दोन्ही जाऊ नये. ते म्हणाले, ज्यानं विचारलं तो माणूस हुशार आहे. रेघ खालच्या हिरडीले होती, समोरच्या दातायच्या मुळाशी, बारीक, निळी-काळी.

बाबा, तुमाले ती रेघ कशी माहीत? मले उगाच भेव वाटून राहिलं. मायची तब्येत बरी आहे ना?

तुमची
कौशल्या


मु. खैरी
११ ऑक्टोबर १९६१

कौशी,

मथी बसली, हे वाचून तुही माय देवापुढं जाऊन बसली ते अर्धा घंटा उठलीच नाही. तिले आता सगळं सांगतलं, ससे, मथीचं पोट, दवाखाना. रंगाचं सांगतलं. शेंदराचं नाही सांगतलं.

तुले एक मोठा भाऊ होता. देवीदास. तुले त्याचं नावही कोणी नीट सांगतलं नसन, कारण या घरात ते नाव घ्याची सोय म्या ठेवली नाही. तो गेला तवा तू पाळण्यात होती. चोवीस साल झाले. साडेतीन वर्षांचा होता. त्याचा नंदी माह्या हातचा पहिला नंदी, सिवनीचाच, ढलपी चावून पाहिलेला. अन् शेंदूर म्या लावला होता, चांगला जाड, पोराचा नंदी गावात उठून दिसावा म्हणून. तो दिवसभर शिंग चोखे. पोळा झाला, पोट दुखाले लागलं. वाकून बसे. शौचाले होत नव्हतं. शेवटी डोळे फिरले. तुह्या मायनं मले त्याची खालची हिरडी दाखवली होती. म्हणाली, पाहा हो, ही निळी रेघ कशाची? मी म्हटलं, शाई चोखली असन.

तो गेल्यावर अंगणात चार लोकं बसले होते. त्यायच्यापुढं मी बोललो, हिनं विटाळात असताना नंदी उचलून ठेवला, म्हणून माहा पोरगा गेला. उचलला होता तिनं, पावसात भिजू नये म्हणून. त्या दिवसापासून तिनं नंदीले हात लावला नाही. दुकानात झाडते तवा नंदीच्या भोवतालून झाडते. तू विचारलं होतं ना, कावून? हे त्याचं उत्तर. ती खरंच मानते का आपण आपलं लेकरू मारलं. म्या मानाले लावलं.

आता गावात तेवीस घरी माहे नंदी आहेत. रोज दोन-तीन घरी जातो, शेंदूर खरवडून काढतो, जमिनीत गाडतो. लोकं म्हणतात, म्हातारा बिघडला, देवाच्या नंदीले नागवं करून राहिला. म्हणू दे. घरोघरी लेकराचं तोंड उघडून हिरडी पाहतो. अजून कोणाची निळी नाही भेटली.

जवाईबापूले म्हणा, दिवाळीले या. त्यायले मी काही बोलणार नाही. बोलाचा हक्क माहा राहिला नाही. ससे आणाचे असन तं खुशाल आणा, काड्या मी सोलून देईन. रंग कशालेच नाही.

एक काम कर. हे पत्र जपून ठेव. दिवाळीले येशीन तं संगं आण, अन् तुह्या मायले वाचून दाखव. मोठ्यानं, सगळं, देवीदासच्या नावासकट. मी बाजूले बसून राहीन, उठून जाणार नाही. मले वाचाले नको लावू. मी वाचलं तं मधलं सोडून देईन.

ती आताच चूल सोडून आली होती. म्हणे, एवढं काय लिहून राहिले? मी म्हटलं, मथी बरी झाली त्याचं लिहून राहिलो. तं म्हणाली, माहा आशीर्वाद लिहा, अन् लिहा का पोट्टीले जपा, माह्यासारखी चूक करू नका.

लिहिलं.

तुहे बाबा
शालिकराम